बुलेटचा पुढचा शॉकअप आणि कोकणातला सडा

रत्नागिरीत जुनी बुलेट किंवा येझदी घेऊन कुठल्याही गॅरेजात जा आणि सांगा, ‘‘मेस्त्री, पुढचा शॉकअप ठोका देतो.’’ मेस्त्री हँडल धरून गाडी दोन-तीनदा खाली दाबतील, कान देऊन आवाज ऐकतील आणि म्हणतील, ‘‘स्प्रिंग बसलीय साहेब. कडक टाकूया.’’ निदान पुष्कळदा बरोबर निघतं. पण ‘कडक’ हे औषध सगळ्याच दुखण्यांवर चालत नाही. कडक स्प्रिंग टाकून आणलेली गाडी आठवडाभर बरी वाटते. पुढे पावसकडच्या एखाद्या उखडलेल्या उतारावर हँडल हाताला झिणझिण्या आणायला लागतं, पुढचं चाक जमिनीवर टिकण्याऐवजी दगडावरून दगडावर उड्या मारतं आणि मालक पुन्हा गॅरेजात येऊन उभा राहतो.

जुन्या गाडीची पुढची स्प्रिंग बदलणं हे काम दिसायला अर्ध्या तासाचं. दोन बोल्ट, दोन स्प्रिंगा, थोडं तेल. मात्र त्याआधी स्प्रिंग नेमकं काय करते आणि काय करत नाही हे समजून घेतलं, तर पैसे आणि मनगटं दोन्ही वाचतात. बुलेटच्या बाबतीत तर हे जास्तच लागू पडतं, कारण ही गाडी नावारूपाला आली तीच वाईट वाटेवर, आणि तीसुद्धा मऊ सस्पेन्शनच्या जोरावर.

फेब्रुवारी १९४८मध्ये इंग्लंडमधल्या कोलमोर कप या ट्रायल स्पर्धेत रॉयल एनफिल्डने नव्या बुलेटचे नमुने उतरवले. ट्रायल म्हणजे वेगाची शर्यत नव्हे. ओढ्यातले गोटे, चिखलाचे चढ, झाडांच्या मुळांनी भरलेल्या पायवाटा असे छोटे टप्पे आखलेले असतात आणि त्यांतून जमिनीला पाय न टेकता गाडी काढायची असते. पाय टेकला की दंडाचे गुण, गाडी थांबली तर आणखी जास्त. त्या काळी ट्रायलच्या गाडीला मागे स्प्रिंग नसावी असं जवळजवळ सगळे मानत. मागचं चाक चेसिसला थेट बांधलेलं असलं तरच पकड मिळते, ही समजूत. बुलेटच्या नमुन्यांना मात्र मागे झुलती भुजा आणि शॉकअप होते. लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्रिटिश संघातल्या दोघा बुलेटस्वारांनी, चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन यांनी, सुवर्णपदकं मिळवली आणि कुजबुज थांबली. व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन याने पुढे स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा ३५० सीसी बुलेटवर जिंकली.

आपल्याकडे ही गाडी आली ती सैन्यासाठी. १९५५मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, सुरुवातीला सुट्या भागांची जुळणी आणि १९६२च्या सुमारास संपूर्ण गाडीच मद्रासला बनू लागली. इंग्लंडमधला मूळ रेडिचचा कारखाना बंद पडला, इथली बुलेट चालूच राहिली. म्हणजे आज मारुती मंदिराच्या सर्कलला सिग्नलवर धडधडत उभी असलेली जुनी ओतीव इंजिनची बुलेट ही नात्याने स्कॉटलंडच्या ओढ्यांतल्या त्या गाडीची सख्खी नातेवाईक आहे. कंपनीला स्वतःलाही हे अधूनमधून आठवतं. मार्च २०१९मध्ये तिने ‘ट्रायल्स’ नावाची बुलेट काढली : वर उचललेला सायलेन्सर, एकट्याची सीट, गाठींचे टायर, पुढे १९ आणि मागे १८ इंची चाक. फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, मात्र तोच, ३५ मिलिमीटर जाडीच्या पाइपांचा, १३० मिलिमीटर खाली-वर जाणारा. दिसायला झकास, पण पुढच्या स्प्रिंगेबाबत आपण इथे जे बोलणार आहोत ते सगळं तिलाही लागू.

रत्नागिरीच्या सड्यावर गुणतक्ता घेऊन कोणी उभं नसतं, पण ट्रायलला लागते तशी जमीन मात्र फुकट आहे. जांभ्याचा सपाट कातळ, त्यात पाण्याने खाल्लेल्या खळग्या, मधूनच चिऱ्याच्या खाणीतला सुटा भुगा, आणि जून उजाडला की सगळ्यावर शेवाळ. बागेत जाणारी वाट गडग्याच्या कडेने वळते, वहाळ ओलांडते आणि पाखाडीच्या दोन-चार पायऱ्या चढून वर येते. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचं गोठणं इथली कातळशिल्पं बघायला अलीकडे गाड्या घेऊन मंडळी जातात. त्यांनी गाडी लांबच लावावी हे बरं, हजारो वर्षं टिकलेल्या रेघांवर गाठींचा टायर फिरवायचं काही कारण नाही. या सगळ्या वाटांवर वेग ताशी दहा-पंधरा. तिथे पुढच्या चाकाने दर खळग्यात उतरून पुन्हा वर यायला हवं, आणि ही हालचाल हँडलपर्यंत पोचता कामा नये. हे काम मऊ स्प्रिंग चांगलं करते.

हीच गाडी रविवारी कोल्हापूरला जाते. येताना आंबा घाट उतरायचा, वळणावर पुढचा ब्रेक, मागे बायको आणि पिशव्या, साखरप्याच्या अलीकडे रस्त्यात अचानक आलेला खड्डा. तिथे मऊ स्प्रिंग तळाला जाऊन धाडकन् ठोका देते. एकाच गाडीला दोन्ही कामं करायची आहेत. म्हणून ‘मऊ की कडक’ हा प्रश्नच अपुरा आहे.

आधी स्प्रिंग म्हणजे काय ते बघू. वेढ्यांची स्प्रिंग दाबली की तार वाकते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती पिळली जाते. चाळीस वेढ्यांची स्प्रिंग म्हणजे जवळपास तीन मीटर लांबीची पोलादी सळई, गुंडाळून ठेवलेली. वरून दाब दिला की ही सळई तिच्या अख्ख्या लांबीत थोडी थोडी पिळवटते. पिळाचा ताण सळईच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, आत मध्यावर शून्य. म्हणूनच गंजाचा एक लहानसा खड्डा वरवर क्षुल्लक दिसला तरी स्प्रिंग तिथूनच तुटते. खाऱ्या हवेच्या गावात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दाब जितका, तितकं दबणं, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८मध्ये छापून प्रसिद्ध केला. किती दाबाला किती दबेल हे तीन गोष्टींवर ठरतं : तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या. पण तिघींचं वजन सारखं नाही. जाडी चौथ्या घातात मोजली जाते. तार फक्त पाच टक्के जाड घेतली तर स्प्रिंग एकवीस टक्क्यांहून जास्त कडक होते. व्यास तिसऱ्या घातात आणि उलट दिशेने : वेढा मोठा तर स्प्रिंग मऊ. वेढ्यांची संख्या साध्या व्यस्त प्रमाणात. व्हर्निअरवर ४.० आणि ४.२ यांतला फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण हाताला तो लगेच कळतो. दुकानात ‘तशीच आहे हो, घेऊन जा’ म्हणून दिलेली स्प्रिंग तशीच नसते ती या चौथ्या घातामुळे.

इथेच एक जुना गैरसमज निकालात काढता येतो. चार वेढे कापले की स्प्रिंग मऊ होते असं बरेच जण मानतात, कारण गाडी खाली बसते. प्रत्यक्षात चाळीसातले चार वेढे कमी झाले की सळईची लांबी दहा टक्क्यांनी घटते आणि स्प्रिंग अकरा टक्के कडक होते. गाडी खाली बसते ती स्प्रिंग आखूड झाल्यामुळे. कापलेल्या लांबीइतका पाइपचा तुकडा वर ठेवला तर उंची परत येते आणि कडकपणा तसाच राहतो. गरीब माणसाचा हा उपाय वाईट नाही, फक्त कापलेलं टोक घासून सपाट करावं लागतं. गॅसने तापवून वेढा बसवणं मात्र कधीच करू नये. तारेचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग महिन्याभरात आपसूक आखूड होते.

पाइपच्या तुकड्यावरून दुसरा गैरसमज. फोर्कच्या वरच्या बोल्टखाली तुकडा किंवा चार वॉशर टाकले की ‘स्प्रिंग टाइट झाली’ असं म्हणतात. स्प्रिंग होती तशीच आहे. ती आधीपासून थोडी दाबून ठेवली गेली, एवढंच. त्यामुळे गाडीचं नाक उंच राहतं. पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर तेवढाच राहतो. हे दोन वेगळे स्क्रू आहेत असं समजा : एकाने उंची ठरते, दुसऱ्याने चढत जाणारा विरोध. गॅरेजातल्या निम्म्या वादावादीचं मूळ हे दोन एकच मानण्यात आहे.

आकडे घेऊन बघितलं की चित्र उघडं पडतं. समजा गाडी १८५ किलोची, स्वार ७५ किलोचा. एकूण २६०. त्यातला सुमारे ४५ टक्के भार पुढच्या चाकावर, म्हणजे ११७ किलो. चाक, टायर, ब्रेक आणि फोर्कचे खालचे नळे हे स्प्रिंगवर बसत नाहीत. ते वीस किलो वजा केले की उरले ९७. फोर्क तिरका असल्याने स्प्रिंगेच्या दिशेने त्यातला नऊ दशांश येतो, ८७ किलो धरू. आता ४ मिलिमीटर तारेच्या, २४ मिलिमीटर मध्यव्यासाच्या, ४० वेढ्यांच्या दोन स्प्रिंगा घ्या. त्या जोडीला एक मिलिमीटर दाबायला ०.९३ किलो लागतात. ८७ किलोंखाली त्या ९३ मिलिमीटर दबतील. बोल्ट आवळतानाच त्या ५० मिलिमीटर दाबलेल्या असतील तर स्वार बसल्यावर फोर्क ४३ मिलिमीटर खाली जाईल. एकूण हालचाल १३०ची. म्हणजे बरोबर एक तृतीयांश.

हा एक तृतीयांश फार महत्त्वाचा. चाक खळग्यात खाली उतरायला फोर्कला खालच्या दिशेने जागा हवी, आणि दगडावर चढायला वरच्या दिशेने. ओबडधोबड वाटेसाठी स्वार बसल्यावर एक तृतीयांश खाली आणि डांबरी रस्त्यासाठी एक चतुर्थांशाच्या आसपास, हा चांगला अंदाज आहे.

आता मेस्त्रींच्या सल्ल्याने तार ४.२ची घेतली. जोडीचा विरोध १.१३ किलो दर मिलिमीटरला झाला. तेच ८७ किलो आता ७७ मिलिमीटरच दाबतात. वरचा तुकडा तोच ठेवला तर फोर्क फक्त २७ मिलिमीटर खाली बसेल, गाडीचं नाक वर राहील, आणि खळग्यात उतरायला चाकाला जागाच उरणार नाही. हीच ती हँडलला झिणझिण्या आणणारी गाडी. तुकडा १६ मिलिमीटरने लहान केला तर बैठक, म्हणजे स्वार बसल्यावर फोर्क जितका खाली जातो ते माप, पुन्हा ४३वर येते आणि पूर्ण तळाला जायला आधी जिथे १६८ किलो लागत होते तिथे आता १८६ लागतात. कडक स्प्रिंगेबरोबर तुकडा छोटा करायचा असतो, हे कितीतरी ठिकाणी केलंच जात नाही. जुना तुकडा तसाच परत जातो, आणि बदनाम होते स्प्रिंग.

घाटातल्या ब्रेकचं वेगळं आहे. जोरात ब्रेक मारला की पन्नास-साठ किलो भार मागच्या चाकावरून पुढे सरकतो. शिवाय फोर्क तिरका असल्याने टायरला मागे ओढणारं रस्त्याचं बळ स्वतःच फोर्क दाबायला मदत करतं. टेलिस्कोपिक फोर्कची ही जन्मजात खोड आहे. बीएमडब्ल्यूच्या आर-१२ गाडीवर १९३५मध्ये तेलाने आवर घातलेला असा फोर्क पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हापासून नाक खाली घालणं त्याच्यासोबत आलंय. जुन्या बुलेटचा ड्रमचा ब्रेक मुळात मवाळ. तो गाडीचं नाक फारसं पाडूच शकत नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या गाडीला डिस्क बसवायची टूम आली आणि त्याबरोबर ‘शॉकअप खाली जातो’ ही तक्रार वाढली. शॉकअप होता तसाच होता, ब्रेक बदलला. डिस्क बसवलेल्या गाडीला थोडी कडक स्प्रिंग हवीच. ड्रमच्या गाडीला तिची गरज क्वचित.

आणि तळाला बसणारा शेवटचा ठोका? त्याला बऱ्याचदा स्प्रिंग नव्हे, तेल कमी पडलेलं असतं. फोर्कच्या नळ्यात तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. फोर्क दबतो तशी तिची जागा कमी होते आणि दाब वाढतो. सुरुवातीला नगण्य, शेवटच्या तीस-चाळीस मिलिमीटरांत मात्र झपाट्याने. म्हणजे हवा ही तिसरी स्प्रिंग आहे, आणि तीही नेमकी हवी तिथे कडक होणारी. तेलाची पातळी दहा मिलिमीटरने वाढवली की हवेची जागा तेवढी घटते आणि तळाचा ठोका पुष्कळदा तिथेच थांबतो. सड्यावरचा मऊपणा मात्र कायम राहतो. खर्च काही रुपयांचा. पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण आत दाबून, नळ्याच्या तोंडापासून खाली. अमुक मिलिलीटर ओतलं म्हणून झालं असं समजू नये, कारण जुनं तेल तळाशी थोडंफार राहतंच. फार भरलं तर सील उचलले जातात, हाही धोका आहे.

तेलाचं खरं काम वेगळंच. स्प्रिंग दाबताना तिच्यात साठलेली ताकद परत येते, तिला लगाम हवा. जुन्या फोर्कमध्ये एका नळीला बारीक भोकं असतात, त्यातून तेल ढकललं जातं आणि ताकद उष्णतेत जिरते. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : सावकाश हालचालीला जवळजवळ काहीच नाही, अचानक धक्क्याला एकदम भिंत. म्हणून जुना फोर्क हळू वेगात लोळतो आणि डांबरातल्या तीक्ष्ण कडेवर दणका देतो. स्प्रिंग एकवीस टक्के कडक केली तर लगाम साधारण दहा टक्के वाढवावा लागतो. तेल एक पायरी दाट घेतलं की तेवढं होतं. दोन पायऱ्या घेतल्या तर लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क वर यायच्या आधीच पुढचा खड्डा येतो, आणि गाडी दर खड्ड्यागणिक खाली खाली बसत जाते. बाहेरून हेच दिसतं ‘स्प्रिंग बसलीय’ म्हणून. डब्यावरचा दहा, पंधरा, वीस हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, तेव्हा एकाच कंपनीचं तेल धरून राहावं.

हे सगळं फोर्क ठणठणीत असेल तर. रत्नागिरीत तो क्वचितच तसा असतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने मिऱ्या-भाट्याकडून येणारा खारा वारा. रबरी गेटर किंवा पत्र्याच्या आवरणाखाली ओल कोंडते आणि क्रोमच्या पाइपवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडतात. प्रत्येक ठिपका सीलची कड कापतो. तेल बाहेर, पाणी आत. जूनमध्ये ओटीवर ताडपत्रीखाली उभी केलेली गाडी गणपतीला बाहेर काढली की सील जिथे टेकून बसला होता नेमक्या त्याच रेषेवर गंजाचं कडं सापडतं. भाट्याच्या वाळूत गाडी फिरवून घरी पाण्याने न धुणाऱ्याला तर मी दोन हंगामांपलीकडे पाइप देत नाही. ठिपके सीलच्या धावेबाहेर असतील तर एपॉक्सी भरून बारीक पॉलिश पेपरने घासून भागतं. धावेतच असतील तर पाइपला नवं हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करून घ्यावं, नाहीतर पाइपच बदलावा. खडबडीत पाइपावर नवीन स्प्रिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. फोर्कचे नळे धरणाऱ्या वरच्या ‘टी’चे आवळबोल्ट आधी ढिले करायचे, नाहीतर नळ्याच्या तोंडचा बोल्ट त्यांच्या चिमटीत अडकून आटे खराब होतात. बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की तळहाताने, खाली फडकं धरून दाबून ठेवायचा. आतली ५० मिलिमीटर दाबलेली स्प्रिंग तो वर फेकते आणि टाकीचा रंग जातो. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने स्प्रिंग सावकाश वर ओढायची, तेल निथळू द्यायचं. ते तेल कसं दिसतं ते बघा. काळपट पण पारदर्शक असेल तर नुसतं जुनं आहे. राखाडी-दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर चकाकणारी कणी लागली तर आतले बुश झिजतायत, आणि मग स्प्रिंगेचा विषय नंतरचा.

दोन्ही स्प्रिंगा सपाट लादीवर शेजारी उभ्या करा. एक दुसरीपेक्षा चार-पाच मिलिमीटर बुटकी दिसली तर ती बसली आहे. बसलेल्या स्प्रिंगेचा कडकपणा फारसा कमी होत नाही, तिची लांबी कमी होते. म्हणजे गाडीला नवी स्प्रिंग न टाकता पाच मिलिमीटरचा तुकडा वाढवूनही तात्पुरतं चालतं. कडकपणा मोजायला मोठी यंत्रं लागत नाहीत. घरातला वजनकाटा ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवायचा, स्प्रिंग त्यावर उभी, वरून मशीनचा दांडा उतरवायचा. २५ मिलिमीटर दाबून आकडा लिहा, ५० दाबून पुन्हा लिहा, दोहोंतला फरक २५ने भागा. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. टोकाचे वेढे सुरुवातीला नीट टेकलेले नसतात. वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्याला विरळ असतील तर ती चढत्या कडकपणाची स्प्रिंग. तिला ७५लाही दाबून बघा. दाट बाजू वर घातली काय आणि खाली काय, कडकपणात फरक पडत नाही, यावर रात्र जागवणाऱ्यांनी झोपून घ्यावं.

बाजारात जी स्प्रिंग मिळते ती न जमल्यास करून घ्यायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी जाताना चार मापं लिहून न्यावीत : तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी. व्यास फोर्कच्या पाइपच्या आत सैलसर बसेल इतका, कारण दबताना वेढा किंचित फुगतो. सगळे वेढे एकमेकांना टेकतील ती लांबी काढून घ्या : चाळीस गुणिले चार म्हणजे १६० मिलिमीटर. त्यात १३०ची हालचाल आणि ५०चा आधीचा दाब मिळवला की ३४०. मोकळी स्प्रिंग याहून निदान पंधरा-वीस मिलिमीटर लांब हवी, नाहीतर तळाला पोचायच्या आधीच वेढे एकमेकांवर आदळतात आणि पोलादाचा पोलादावर ठोका बसतो. आणि करणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारावी : वेढे काढल्यावर तार मंद आचेवर भाजून ताण काढलाय का, आणि स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत पाच-सहा वेळा दाबलीय का? हे केलेलं नसेल तर ती स्प्रिंग पहिल्या महिन्यातच आपल्या मनाने आखूड होईल आणि सगळी मोजणी वाया जाईल.

परत बसवताना तेल, मग स्प्रिंग, मग तुकडा, मग बोल्ट. पुढच्या चाकाचा आस पूर्ण आवळण्याआधी गाडी जमिनीवर उतरवून फोर्क सात-आठ वेळा जोरात दाबायचा, म्हणजे दोन्ही नळे एकमेकांना समांतर बसतात. मगच खालचे बोल्ट आवळायचे. हा टप्पा वगळल्यामुळे कितीतरी फोर्क आतल्या आत घासत राहतात. बैठक मोजताना फोर्क पूर्ण ताणलेला असताना आसापासून खालच्या ‘टी’पर्यंतचं अंतर एकाने घ्यावं. नंतर स्वार बसवून दोनदा : एकदा नाक खाली दाबून हळूच सोडलेलं, एकदा वर उचलून हळूच सोडलेलं. या दोन्ही आकड्यांची सरासरी पहिल्या अंतरातून वजा केली की खरी बैठक मिळते, आणि दोन्हींतला फरक म्हणजे फोर्कमधलं घर्षण. फरक पंधरा मिलिमीटरांच्या वर गेला तर स्प्रिंगेकडे बघू नका. पाइप वाकलाय, बुश अडकलाय किंवा नळे तिरके बसलेत.

आवाजाचंही तसंच. ब्रेक लावून गाडी पुढे-मागे ढकलल्यावर ‘टक्’ झालं तर ते बहुधा कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगचं. नुसती वरून दाबल्यावर झालं तर फोर्कचं. कोनसेट ढिला असलेल्या गाडीला मी तरी नवीन स्प्रिंग विकत घेऊ देणार नाही. टायरची हवासुद्धा याच यादीतली. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग, आणि सड्यावर जाताना चार-पाच पौंड हवा कमी केली तर खळग्यांतला निम्मा त्रास फोर्कपर्यंत पोचतच नाही. ट्रायलवाले तर हवा याहून खूप खाली नेतात. डांबरी रस्त्यावर परतल्यावर मात्र हातखंब्याच्या पंपावर थांबून ती भरून घ्यायची.